ज्याचं कुणी ऐकलं नाही

माळशिरसचा मुक्काम हलला की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी खुडूस फाट्यावर रिंगण करून वेळापूरकडे निघते. गावाच्या अलीकडे उंचवटा लागतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून आजही दिंड्या इथून धावत खाली येतात. पाय सुजलेले म्हातारेसुद्धा धावतात. त्याला ‘धावा’ म्हणतात. याच टप्प्यावर नाथांची भारुडं होतात. हसता हसता माणसं गप्प होतात, एखादी पदराने डोळे पुसते, आणि शेजारचा तिच्याकडे वळूनही बघत नाही. रडण्याबद्दल इथे कुणी कुणाला खुलासा मागत नाही.

एरवी वेळापूर म्हणजे यादवकाळातलं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ, भोवतीचा ऊस आणि अकलूज-सांगोला रस्त्यावरचा चौक. कथा-साहित्याच्या पुस्तकात या गावाने सुरुवात करण्याचं कारण एक लेखक आहे, जो याच वाटेने चालला होता. दि. बा. मोकाशी (१९१५–१९८१) हे मूळचे उरणचे. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे आणि कथा लिहायचे. आळंदी ते पंढरपूर पालखीबरोबर जाऊन त्यांनी लिहिलेलं ‘पालखी’ हे पुस्तक १९६४ साली आलं. भक्ताच्या डोळ्यांनी नाही आणि टिंगलखोराच्या तर नाहीच, मुक्कामाच्या गर्दीत कोण कशासाठी आलंय याची चौकशी करणाऱ्या माणसाच्या नजरेने ते लिहिलंय. बोलतं करण्याची हातोटी मोकाशींकडे होती. वारीत हे सोपंही असतं. सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, नाव-गाव मागाहून कळतं, आणि दोन मुक्कामांच्या मधल्या चालीत माणूस अनोळखी माणसाला असं काही सांगून टाकतो जे त्याने घरी कधी उच्चारलेलं नसतं.

याच मोकाशींची ‘आमोद सुनांसि आले’ ही कथा मराठीतल्या सर्वांत दुःखी कथांपैकी एक आहे. शीर्षक ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तून घेतलेलं. एक लोहार, वर्षानुवर्षांचा वारकरी. त्याचा तरणा मुलगा गेला आहे. सोबती त्याला धीर द्यायला जमतात, पोथी वाचतात. जी पोथी त्याने आयुष्यभर ऐकली, तीच आता त्याच्या कानावरून नुसती वाहत जाते. आणि मग निरोप येतो, की गाय अडली आहे, वासरू बाहेर येत नाही. गावात या कामाला त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

पुढचं वाचकाने वाचावं. सुमित्रा भावे यांनी या कथेवर ‘दिठी’ हा चित्रपट केला, किशोर कदमांनी लोहार उभा केला. २०२१ च्या मे महिन्यात तो घरोघरी पोचला; त्याच्या आदल्याच महिन्यात भावे गेल्या होत्या. करोनाची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. माणसं दवाखान्यातून थेट स्मशानात जात होती, दहाव्याला चार माणसं जमत नव्हती. त्या दिवसांत मेलेल्या पोराच्या बापाची गोष्ट कुणी आपणहून लावून का बघेल? तरी लोकांनी ती बघितली, एकमेकांना सांगितली. ज्याच्या वाट्याला आधीच दुःख आहे त्याने आणखी एक दुःख मागून घ्यावं, हे कोडं या प्रकरणाचा विषय आहे.

मोकाशींच्या लोहाराला एक जुना भाऊ आहे, रशियातला. आंतोन चेकॉव्हची १८८६ सालची कथा ‘तोस्का’. पीटर्सबर्गमध्ये संध्याकाळी बर्फ पडतंय. इओना पोतापोव्ह हा म्हातारा घोडागाडीवाला गिऱ्हाइकाची वाट बघत पांढरा होऊन बसलाय. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात तापाने गेला. पहिलं गिऱ्हाईक येतं, लष्करी अधिकारी. इओना मागे वळून सांगायला बघतो, माझा मुलगा गेला साहेब. अधिकारी एक प्रश्न विचारतो आणि डोळे मिटून घेतो. मग तीन पोरं चढतात, शिव्या देत, मानेवर टपल्या मारत. त्यांनाही तो सांगतो. सगळेच मरणार आहेत, असं उत्तर मिळतं. मग एक दरवान. मग तबेल्यात पाण्यासाठी उठलेला जवान गाडीवाला. तो पाणी पितो आणि गोष्ट ऐकण्याआधीच झोपतो. इओनाला सगळं नीट सांगायचंय. पोरगा कसा आजारी पडला, मरायच्या आधी काय म्हणाला, दफन कसं झालं. ऐकणाऱ्याने सुस्कारा टाकायला हवा, हळहळायला हवं. शेवटी तो घोडीपाशी जातो. ती गवत चघळत असते. आज ओटसपुरती कमाई झालेली नाही. आणि तो तिला सगळं सांगतो.

दोन्ही कथांत बाप, मेलेला मुलगा आणि एक जनावर. मोकाशींच्या डोळ्यांसमोर चेकॉव्ह होता की नाही, या चर्चेत मला रस नाही. मला दिसतं ते असं: चेकॉव्हच्या कथेत इओनाचं ऐकणारं कुणीच नाही, असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. एक जण सगळं ऐकत असतो. पहिल्या गिऱ्हाइकापासून शेवटच्या घोडीपर्यंत तो गाडीत बसून आहे, आणि तो उतरू शकत नाही. तो म्हणजे वाचक. शोककथेची ताकद इथे आहे. ज्या पात्राचं आयुष्यात कुणी ऐकलं नाही, त्याच्यासमोर ती वाचकाला बसवते. आणि वाचकाला बोलता येत नाही. ‘अरे, सांग मला, ऐकतोय मी’ एवढंही इओनाला म्हणण्याची सोय नाही. डोळ्यांत पाणी येतं ते त्याच्या मुलाच्या मरणाने कमी आणि आपल्या या अडकलेपणाने जास्त. मुलगा तर कथा सुरू होण्याआधीच गेलेला आहे.

घोडीला सांगणं आपल्याकडेही परकं नाही. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बायकांनी शेकडो वर्षं हेच केलं. जात्याला देव म्हटलं, सखा म्हटलं, आणि सासुरवास, माहेरची ओढ, गेलेलं मूल, नवऱ्याचा मार सगळं त्याच्या पाळूत घातलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. ओवीतली बाई घरातल्या कुणाशी क्वचितच बोलते. तिचं बोलणं जात्याशी, भावाशी जो तिथे नाही, आईशी जी कधीच गेली. घर झोपलेलं असताना ती बोलते, कारण घर जागं असताना ऐकणारं कुणी नसतं. पिठाच्या गिरण्या आल्या, मनगटांना विश्रांती मिळाली हे चांगलंच झालं. पण बोलायची ती एक जागाही गेली. छापील कथेने ती जागा सगळी भरून काढली असं मी म्हणणार नाही. ज्या बायकांना ती हवी होती त्यांतल्या किती जणींना वाचता येत होतं? तरी नात्याने ओवी कथेची थोरली बहीण लागते. मराठी साहित्याच्या इतिहासात कथेची सुरुवात मासिकांपासून सांगतात तेव्हा ही बहीण राहून जाते.

आता जुनं भांडण. दुःख वाचून आनंद का होतो? भरताने नाट्यशास्त्रात शोकाला करुण रसाचा स्थायी भाव म्हटलं, पण शोकातून होणारा अनुभव सुखाचा की दुःखाचा, यावर पुढचे पंडित शतकानुशतकं झगडले. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रोखठोक युक्तिवाद केला: करुण रस दुःखद असता तर त्याकडे कुणी वळलंच नसतं, लोक वळतात, त्या अर्थी तो आनंदच. त्याच्याआधी दोनेकशे वर्षं हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पणा’त उलट म्हटलं होतं, की सगळेच रस सुखाचे नसतात, काही दुःखाचेही असतात, आणि प्रेक्षक भारावतो तो कवी-नटाच्या कौशल्यामुळे. मला हे दोघे गुरुबंधू विश्वनाथापेक्षा प्रामाणिक वाटतात. इओनाची कथा वाचून जे होतं त्याला आनंद म्हणायला जीभ रेटत नाही.

मराठीत हा वाद साहित्य संमेलनाच्या मांडवात आला. १९२१ साली बडोद्याच्या संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचताना आपण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका पूर्ण सोडत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी असणं यातच आनंद आहे, असं त्यांचं म्हणणं. केळकर राजकारणी माणूस, ‘केसरी’चे संपादक, त्यामुळे त्यांच्या साहित्यविचाराची पुढच्या टीकाकारांनी बरीच चिरफाड केली. पण २०१७ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या विनफ्रीड मेनिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी जो सिद्धांत पुढे ठेवला, तो वाचून केळकर मिशीत हसले असते. हे खोटं आहे, मला धोका नाही, या जाणिवेमुळे आपण दुःखापासून थोडं लांब उभे राहतो; आणि लांब आहोत म्हणूनच त्याला बिनधास्त कवेत घेतो. दुःखद भावना लक्ष धरून ठेवतात, खोल जातात, आठवणीत राहतात, म्हणून कलेला त्या हव्याच असतात. शंभर वर्षांचं अंतर, शब्द वेगळे, पण घर तेच.

फक्त या सगळ्या मांडणीत ‘आपण’ मध्यभागी आहोत. आपल्याला काय होतं, आपल्याला काय मिळतं. ज्याच्यावर गुदरलंय तो कडेला राहतो. कथाकार मात्र त्याच्यापासून सुरू करतो, आणि चांगला कथाकार आपल्या रडण्याची फारशी फिकीर करत नाही. एका नवशिक्या लेखिकेला १८९२ च्या पत्रात चेकॉव्हने सल्ला दिला होता, की दुर्दैवी माणसांबद्दल लिहून वाचकाला हेलावायचं असेल तर तुम्ही स्वतः जास्त थंड राहा.

हा थंडपणा मराठीत कुठे बघायचा तर वेळापूरहून सांगोला ओलांडून आटपाडीकडे जावं. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर. १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ आलं. त्यातला धर्मा रामोशी आठवा. उघडावाघडा म्हातारा. त्याला नेसायला धोतर दिलं जातं, तरी पुन्हा तो तसाच. देणाऱ्याला राग येतो. आणि ते धोतर शेवटी दिसतं ते त्याच्या वयात आलेल्या पोरीच्या अंगावर. माडगूळकर त्यावर एक वाक्य खर्च करत नाहीत. दारिद्र्यावर भाष्य नाही, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी नाही, सांगणाऱ्याचं ओशाळणंही सांगितलेलं नाही. पोरीला दाराबाहेर पडायला कापड नव्हतं, हे वाचकाने आपलं आपण जुळवायचं. जुळवतो तेव्हा त्याच्या आधीच्या रागाची, म्हणजे वाचकाच्याच रागाची, लाज वाटते. कारण देणाऱ्याबरोबर आपणही म्हाताऱ्यावर चिडलेलो असतो. ऐकणाऱ्याच्या जागी बसवून कथेने आपल्यालाही न ऐकणाऱ्यांत काढलेलं असतं.

अण्णा भाऊ साठ्यांचा मार्ग निराळा. ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा वारणेकाठचा गडी, मुंबईत खाणीत राबणारा. खाण बंद पडते, आणि तो जळलेल्या प्रेतांच्या राखेत सोन्याचे कण शोधायला लागतो. पुढे राख सोडून प्रेतंच उकरतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती कायमची जातात. बंद खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते ती त्यानंतर. इथे थंडपणा नाही, भडक रंग आहेत, अंधार, कोल्हे, हाणामारी. पण शेवटचा तो एक योगायोग अण्णा भाऊंनी चेकॉव्हइतक्याच निष्ठुरपणे मांडलाय: काम आलं, हात गेला. कथा भुताखेतांची वाटते आणि निघते बेकारीची.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने तर डोळ्यांत पाणी आणणं हाच मुद्दा मोडीत काढला. त्या कथा वाचून रडू येत नाही. कानशिलं तापतात. ज्या वाचकाला करुण रसाची सवय होती, गरीब बिचारा म्हणून हळहळायची सवय होती, त्याला बागुलांनी हळहळायला वाव ठेवला नाही. दुःखी कथा म्हणजे रडवणारी कथा हे समीकरण तिथे संपतं. माझ्या मते बागुलांनंतर मराठी कथेत नुसत्या दयेवर काही उभं करणं कठीण झालं, आणि ते बरंच झालं.

याचा अर्थ रडवणाऱ्या गोष्टी हलक्या, असा नाही. १९९१ साली ‘माहेरची साडी’ने खेड्यापाड्यांतल्या बायकांना जसं रडवलं तसं नंतर क्वचितच कशाने रडवलं असेल. टीकाकार नाकं मुरडत राहिले आणि तंबूत बायका हुंदके देत राहिल्या. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून झाली, १९३५ ला छापली गेली, आणि तेव्हापासून मराठी घरात मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याचा आवाज चिरकतो तो चिरकतोच. गुरुजी रडण्याला लाजत नव्हते. तेच गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात वेळापूरपासून जवळच पंढरपुरात, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले होते. तेव्हा रडका माणूस दुबळा असतो, हा समज त्यांच्यापुरता तरी सोडून द्यावा.

फरक एवढाच, की ‘माहेरची साडी’ आणि ‘श्यामची आई’ कधी रडायचं ते सांगतात, आणि सगळे एकत्र रडतात. तिथे तुम्ही एकटे नसता. भारुडाच्या गर्दीत डोळे पुसणाऱ्या बाईसारखं ते आहे. मोकाशी, माडगूळकर, चेकॉव्ह तुम्हाला एकटं गाठतात आणि खूण करत नाहीत. कुणी वाक्य चुकवून पुढे गेला तर धर्माच्या पोरीच्या अंगावरचं धोतर त्याला दिसणारही नाही. म्हणून अशा कथा सगळ्यांच्याच पचनी पडतात असं नाही, आणि न पडणाऱ्याला अरसिक म्हणू नये.

कथा लहान असते याचाही वाटा आहे. कादंबरीत पात्राचं दुःख आणि त्यातून सावरणं यांच्यामध्ये दोनशे पानं असतात. वाचक जेवतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी पुढे वाचतो. एडगर ॲलन पोने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना एका बैठकीत वाचून होण्याचं महत्त्व सांगितलं होतं: मध्ये जग शिरलं की परिणाम फुटतो. शोककथेबाबत मला वाटतं, तिचा खरा डाव शेवट लवकर करण्यात आहे. सांत्वनाला यायला वेळच मिळत नाही. जी. ए. कुलकर्णींची ‘कैरी’ घ्या. पोरकं मूल मावशीच्या घरी येतं, आणि स्वतःच्याच संसारात पिचलेली ती बाई त्याच्या लहान लहान इच्छा पुऱ्या करते. मोठी सुटका कुणाचीच होत नाही. जी.ए. तिथून आपल्याला बाहेर काढून दार लावून घेतात. पुढे त्या मुलाचं काय झालं, मावशीचं काय झालं, हे वाचक दिवसभर स्वतःशी पुरं करत बसतो. ‘सत्यकथा’ मासिकाच्या पानांत वाढलेल्या त्या पिढीला हे दार कधी लावायचं ते अचूक कळत होतं. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली; तशी कथा त्यानंतरही लिहिली गेली, पण दर महिन्याला तिची वाट बघणारा वाचक विखुरला.

प्रयोगशाळेत यातलं काय हाती लागलं? थोडं, आणि तेही जपून घ्यावं असं. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमान्युएले कास्टानो यांचा ‘सायन्स’मधला शोधनिबंध फार गाजला. साहित्यिक कथा वाचून झाल्यावर लगेच माणसांना दुसऱ्याच्या नुसत्या डोळ्यांच्या छायाचित्रावरून भावना जास्त अचूक ओळखता येतात, असा निष्कर्ष. वाचायला दिलेल्यांत चेकॉव्हचीही एक कथा होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले, शिक्षकांनी भिंतीवर लावले. पुढे इतरांनी प्रयोग पुन्हा केले तेव्हा परिणाम दिसेना. २०१८ साली ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या गाजलेल्या एकवीस सामाजिक प्रयोगांची मोठ्या नमुन्यावर फेरतपासणी झाली, त्यांतले तेरा टिकले, हा टिकला नाही. म्हणजे वाचनाने माणूस मऊ होत नाही असं सिद्ध झालं का? नाही. एका बैठकीत चार पानं वाचून होत नाही, एवढंच. ते होईल अशी अपेक्षाच मुळात औषधाच्या गोळीसारखी होती.

रडण्यावरचा एक डच प्रयोग मला जास्त पटतो. टिलबुर्ग विद्यापीठातल्या आस्मिर ग्राचानिन, ॲड फिंगरहुट्स आणि सहकाऱ्यांनी साठ जणांना दोन दुःखी चित्रपट दाखवले, ‘लाइफ इज ब्युटिफुल’ आणि ‘हाचि’. जे रडले त्यांची मनःस्थिती चित्रपट संपल्यावर लगेच बिघडली. वीसेक मिनिटांत ती मूळपदावर आली. आणि दीड तासाने मोजली तेव्हा चित्रपटाआधी होती त्यापेक्षाही बरी निघाली. जे रडलेच नाहीत त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. ‘रडून मोकळं हो’ असं सांगणाऱ्या आज्या बरोबर होत्या, फक्त मोकळं व्हायला दीड तास लागतो हे त्या सांगत नव्हत्या. प्रयोग चित्रपटांवरचा आहे, कथांवरचा नाही, आणि साठ माणसं म्हणजे काही फार नाहीत. पण दुःखी कथा मिटल्यावर लगेच कुणी विचारलं, ‘कशी वाटली?’, तर आपण वैतागतो, आणि संध्याकाळी तीच कथा आपण होऊन दुसऱ्याला सांगायला बसतो. वाचणाऱ्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

सांगायला बसणं महत्त्वाचं. कथेने ऐकणाऱ्याच्या जागी बसवलेला माणूस पुढे काय करतो? बहुतेक वेळा काहीच नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाचक म्हणजे समाजसेवक नव्हे. मात्र मोकाशींनी या प्रश्नाला चेकॉव्हपेक्षा वेगळं वळण दिलं. त्यांच्या लोहाराभोवती माणसं आहेत, ती चांगली आहेत, ऐकायला तयार आहेत, अर्थ सांगायलाही तयार आहेत. कमी पडतात ते शब्दच. अशा वेळी त्याला कुणी आणखी समजावत नाही. त्याला गायीसाठी बोलावलं जातं. तुझ्यावाचून अडलंय, असं त्याला कळतं. इओनाला गिऱ्हाइकांनी दिवसभर कामालाच लावलं होतं, पण गाडीवाला म्हणून, इओना म्हणून नाही. लोहाराला त्याच्या हातासाठी, त्याच्या नावानिशी बोलावणं येतं. या एका फरकासाठी मी मोकाशींची कथा ‘तोस्का’च्या बरोबरीला ठेवतो.

आता थोडं व्यवहाराचं. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्याच्या हातात शोककथा देऊ नये; केळकर आणि मेनिंगहाउस म्हणतात तो लांब उभं राहण्याचा अवकाश त्याच्याकडे अजून नाही. वर्ष उलटू द्या. मुलांना देताना रडवणारी म्हणून देऊ नका, नुसती द्या, आणि संपल्यावर तात्पर्य विचारू नका. शाळेतल्या ‘या पाठातून काय शिकलात?’ या एका प्रश्नाने जितक्या दुःखी कथा मारल्या असतील तितक्या सेन्सॉरनेही मारल्या नसतील. ज्यांनी अशा कथा कधी वाचल्या नाहीत त्यांनी जी.एं.पासून सुरुवात करू नये, ते वाटेत सोडून देतील. आधी ‘माणदेशी माणसं’ घ्यावं, त्यातला धर्मा रामोशी वाचावा, मग ‘स्मशानातील सोनं’, मग मोकाशी. आणि आषाढात पालखी गावात असेल तर भजन आटोपल्यावर ‘आमोद सुनांसि आले’ एकदा मोठ्याने वाचून बघा, चार वारकरी आणि गायीगुरांची जाण असलेले दोन म्हातारे समोर बसवून. लेखकाने कुठे चूक केली असेल तर ती ते ताबडतोब सांगतील.